तीन बोटांचा हात

नणंदेचा ओजस पुण्याहून आला होता,
जाता जाता फोनमध्ये हे टाकून गेला.
म्हणाला, मामी, काहीही लिही, काढून देतं.
मराठीही कळतं त्याला.

पहिल्यांदा मी पोहे मागितले.
उगाच. समोर बशी होतीच.
त्यानं काढले भातासारखे पांढरे, वर खोबरं,
बाजूला केळीचं पान.
लिहिलं, इंदौरचे.
मग शेव आली, पण दोऱ्यासारखी लांब,
विणायला घ्यावी अशी.
जिरावण लिहिलं तर त्यानं एक मडकं काढलं.

दुसऱ्या दिवशी:
मराठी बाई, इंदौर, संध्याकाळ.
नथ आली, नऊवारी आली,
मागे कुठलासा समुद्र.
माझ्या मागे नंदानगरची पिठाची चक्की असते,
अंगात कुर्ता, स्कूटीला दुधाची पिशवी,
उंबऱ्याबाहेर मी "भिया, गाडी जरा साइड में लेना" म्हणते
आणि आत पाऊल टाकलं की "अहो, दार लोटा."
हे त्याला लिहून कसं सांगायचं?
ओळ लांबत गेली.
समुद्र तेवढा हटला. नथ राहिली.

मग ह्यांचा फोटो टाकला,
कुणाच्या तरी लग्नातला, हात मागे बांधलेला.
ह्यांचे सगळे फोटो असेच:
हात खिशात, हात पाठीमागे,
हात शेजारच्याच्या खांद्याआड.
सांवेर रोडवर पॉवर प्रेसखाली गेली दोन बोटं,
उजव्या हाताची, अंगठ्याजवळचं आणि मधलं,
दिवाळीच्या ओव्हरटाइममध्ये.
एकोणीस वर्षं झाली.

लिहिलं, हात पुढे, हातात चहाचा ग्लास.
हात आला. पाच बोटं.
लिहिलं, तीन.
पाच.
नाव सांगून उपयोग नव्हता, तरी लिहिलं,
पुरुषोत्तम, अंगठा आणि शेवटची दोनच.
ह्या वेळी सहा आली,
गोरी, निमुळती, नखं कापलेली.

मला तो हात हवा होता
जो पोळीचा तुकडा कडेनं, तिरका मोडतो,
जो माझ्या गळ्यातल्या साखळीचा फासा लावताना
दोनदा घसरतो आणि तिसऱ्यांदा लावतोच.
त्याला काहीही वाढवता येत होतं.
कमी करता येत नव्हतं.

हे मागे येऊन उभे राहिलेले कळलंच नाही.
बघत होते ते सहा बोटांकडे.
मला वाटलं, चिडतील.
हसले.
"त्या मशीननं घेताना विचारलं नाही,
ही देतानाही विचारत नाही."

मग खुर्ची ओढून बसले. जरा वेळानं,
फोनकडे न बघता:
"शिट्टी वाजवतानाचं निघेल का?
ती, दोन बोटं तोंडात घालून?"

पूर्वी गल्लीच्या तोंडाशी शिट्टी व्हायची
आणि मी चहा टाकायची.
नंतर घड्याळ बघून टाकायला लागले.
हे आम्ही कधी बोललो नव्हतो,
बोलण्यासारखं त्यात काय होतं.

लिहिलं. व्हिडिओ मागितला.
गोल फिरत राहिलं बराच वेळ,
गॅसवरची भेंडी खाली लागली.
आठ सेकंदांचा आला.
ह्यांच्यासारखाच कुणीतरी,
ह्यांनी कधी घातला नाही असा मोरपंखी शर्ट.
बोटं ओठांपाशी गेली. गाल फुगले.
मानेवरची शीर, ती मात्र अगदी तशीच
तट्ट उभी राहिली.

आवाज नव्हता.

ह्यांनी आवाजाचं बटण वरपर्यंत दाबलं.
फोन कानाला लावला.
पुन्हा बघितला, पुन्हा कानाला.
"ह्यात आवाज येत नाही वाटतं," मी म्हटलं.
"असेल," म्हणाले.

उजवा हात टेबलावर होता,
खिशात घालायचा राहून गेलेला.

मी उठले, करपलेली कढई उतरवली,
त्याच शेगडीवर चहा टाकला.
रात्रीचे पावणेदहा झाले होते.
ही काही चहाची वेळ नव्हती.